वॉटर बॉडी माझ्या हातात होती

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला येत होतो, आणि खरं सांगायचं तर हसायला. चिंचेवरची हडळ, पांढऱ्या साडीतली बाई... असलं काही दिसलं की मी गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचो. जव्हारला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं गाड्या खोलतोय. गाडीत भूत नसतं, बिघाड असतो. आणि बिघाड सापडत नसेल तर मेकॅनिक कच्चा असतो — हे माझं मत. आजही तेच आहे. फक्त एक जीप त्यात बसत नाही, आणि ती मागच्या उन्हाळ्यापासून माझं डोकं खातेय.

जीप सूर्यमाळच्या लक्ष्मणची. जुनी डिझेल गाडी, खोडाळा-मोखाडा प्रवासी मारतो. त्याचा फोन आला, "मिस्त्री, गाडी लय तापते, घाट चढला का काटा लालवर." म्हटलं, हलवू नको बाबा, मीच येतो. पाने आणि घमेलं मोटरसायकलला बांधलं आणि दुपारच्या उन्हात वर गेलो.

रेडिएटरचं झाकण बघितलं, ठीक. होज पाइप दाबून बघितले, ठीक. थर्मोस्टॅट कुणीतरी आधीच काढून फेकला होता, आमच्याकडे ती फॅशनच आहे. मग फॅन धरून हलवला, तर लटलट करतोय! आणि त्याच्यामागे वॉटर बॉडीतून पाणी ठिबकतंय. वॉटर बॉडी म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. त्याचं बेअरिंग गेलेलं. पंप बदलायचा, विषय संपला.

पाणी घमेल्यात काढलं. तांबूस, गंजाचं. लक्ष्मणची बायको सुनीता ओट्यावर बसली होती, नववा महिना लागलेला. ती म्हणाली, "भाऊ, ते पानी टाकू नका. सारवायला होईल."

"अहो वहिनी, कूलंट आहे त्यात. गुरं प्यायली तर मरतील!" असं म्हणून मी घमेलं गाडीमागे उपडं केलं. जमिनीने ते डोळ्यांदेखत पिऊन टाकलं.

ती हळूच म्हणाली, "पानी असं फेकू नये, भाऊ. लागतंय." त्या पाड्यावर तेव्हा बायका एका हंड्यासाठी किती चालत होत्या हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ऊन डोक्यात गेलेलं... मी म्हणालो, "आता तुम्ही मला शिकवा!" गुरांचं म्हणालो ते बरोबर होतं, बोलण्याची पद्धत चुकली. लाज वाटते आता.

पंप काढला, त्याच्याबरोबर फॅन आणि बेल्टही निघाला. पंपाच्या जागी इंजिनाला मुठीएवढं भोक, आणि रेडिएटरचा खालचा पाइप मोकळा लोंबत होता. कचरा जाऊ नये म्हणून दोन्हीकडे चिंध्या कोंबल्या, बॉनेट लावलं. नवा पंप सकाळच्या एसटीने नाशिकहून येणार होता, म्हणून लक्ष्मण माझ्याच मागे बसून जव्हारला आला आणि रात्री माझ्याकडे राहिला.

इथे माझी चूक. इंजिन खोललं की बॅटरीची वायर काढून ठेवायची, हे मी जगाला सांगतो. त्या दिवशी काढली नाही. दोन आट्यांचं काम! घरातल्यांनाही कुणी सांगितलं नाही. मला वाटलं लक्ष्मणने सांगितलं, त्याला वाटलं मी सांगितलं.

सकाळी दहाच्या सुमारास मी गॅरेजच्या दारात उभा. नवा पंप टेबलावर, जुना माझ्या हातात, दोघांची मापं जुळवतोय. तेवढ्यात हॉर्न वाजवत एक जीप समोरून सुसाट गेली.

लक्ष्मणच्या हातातला चहा सांडला. "मिस्त्री... ती माझी गाडी."

"येडा झालास का? तुझ्या गाडीची वॉटर बॉडी माझ्या हातात आहे!"

"मागं सुनीताचं नाव लिवलंय. माझीच."

मोटरसायकल काढली. जीप सरकारी दवाखान्याच्या आवारात उभी होती, शेजारी लक्ष्मणचे वडील, सोमाबाबा. बाबांनी उमेदीत ठाण्याला टेम्पो चालवलेला. सुनीताला पहाटेपासून कळा, फोनला रेंज नाही, म्हणून त्यांनी तिला आणि शेजारच्या एका बाईला बसवून गाडी काढली होती. सुनीताला आत नेलं होतं. लक्ष्मण आत धावला.

मी ओरडलोच, "बाबा, गाडी उघडी होती! पंप नव्हता तिला!"

"मेरेको क्या मालूम? चावी खिळ्याला होती, मारली, चालू झाली. काटा बघत व्हतो ना, मधोमध. एकदम बराबर."

काट्याचं मी समजू शकतो. सेन्सरला पाणी लागलं नाही तर काटा काहीही दाखवतो. पण सूर्यमाळ ते जव्हार, मधले चढउतार, चालत्या इंजिनाला ना पाणी ना फॅन... पाच-सात किलोमीटरवर जाम व्हायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं. भर उन्हात घाटात बंद पडलेली जीप, आत कळा देणारी बाई, आणि कारण मी.

बॉनेट उघडलं. इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, आधी लांबूनच हात दाखवला, मग टेकवला. ठेवता येत होता. तापलेलं होतं, पण भाजत नव्हतं. झाकण खोललं तर रेडिएटर काठोकाठ भरलेला.

खाली वाकून बघितलं. भोक तसंच. पाइप लोंबतोय. माझ्या दोन्ही चिंध्या जागेवर, आणि कोरड्या. कोरड्या हो! हात लावून बघितल्या.

"बाबा, पाणी कुणी घातलं?"

"पानी? घरात प्यायला एक हंडा नाय, गाडीत कुठून घालू?"

मी पाइपची चिंधी ओढली. भसकन पाणी आलं, माझ्या अंगावर, जमिनीवर. आणि पहिल्यांदा तोंडातून काय निघावं? "अरे बादली आणा, पाणी चाललं!" समोरच्या चहावाल्याची बादली लावली, निम्मं वाचलं. स्वच्छ होतं. गंजाचा एक कण नाही.

तासाभराने लक्ष्मण बाहेर आला, रडत. बाळ आडवं होतं, अजून उशीर झाला असता तर दोघींचं कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघींचं — म्हणजे मुलगी. मी जीपच्या चाकाशी बसलो आणि मलाही रडू आलं.

नवा पंप तिथेच आवारात बसवला. बादलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये घातलं, उरलेलं नळाचं. गिऱ्हाइकांवर कूलंटसाठी ओरडणारा मी! जीप आजवर तापलेली नाही.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये भंगारातला रेडिएटर टांगून, तसल्याच चिंध्या कोंबून पाणी भरून बघितलं. बारा आकडे मोजेपर्यंत रिकामा. तीनदा केलं. तीनदा रिकामा.

शेवटी सूर्यमाळला गेलो. सुनीता मुलीला घेऊन ओट्यावर बसली होती. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशीचं माझं बोलणं मनावर घेऊ नका. पण खरं सांगा, गाडीत पाणी कुणी ओतलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊ, असं काय करता? तुम्हीच ना! आम्ही निघालो तवा तुम्ही गाडीपुढं उभं होतात, घमेलं घेऊन. ओतलंत की. मला वाटलं, राग गेला तुमचा."

सोमाबाबा शेजारीच विडी ओढत होते. त्यांनी मान हलवली. त्यांना कुणी दिसलं नव्हतं.

ते निघाले तेव्हा मी जव्हारला एसटीची वाट बघत होतो. लक्ष्मण शेजारीच होता, तो साक्षीला आहे. घमेलं माझ्या मोटरसायकलला बांधलेलं होतं. कळा देणाऱ्या बाईला भास झाला असेल, हे मीही स्वतःला सांगून बघितलंय... पण मग रेडिएटर भरलेला कसा? तुम्हाला काही सुचलं तर लिहा, हसलात तरी चालेल. त्या दुपारी घमेलं उपडं करणारा मी होतो, एवढं मला पक्कं माहीत आहे. सकाळी ते भरून आणणारा कोण होता, ते मला माहीत नाही.