तीन द्रोण अक्षता

मी गाव सोडलं तेव्हा नवे बूट हातात होते आणि पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली होती. नाल्याला पाणी होतं. आमची वस्ती नाल्याच्या एका अंगाला, एस.टी.चा रस्ता दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये पूल नाही. बाबा माझी लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालले होते आणि मी मागून दगड चाचपत. आई काठावरच थांबली. तिथे पुलाची कोनशिला होती. आमच्या वॉर्डाच्या मेंबरने निवडणुकीच्या तोंडावर तिच्यावर नारळ फोडला होता. पूल काही आला नाही, पण दगड चांगला गुळगुळीत होता, म्हणून वस्तीतल्या बायका त्यावर कपडे धूत. आई त्याच दगडाला टेकून उभी होती आणि मी वळून पाहिलं तेव्हा तिने हात वगैरे हलवला नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

बाबांनी पेटी एस.टी.च्या टपावर चढवली, खाली उतरले, धोतर पिळलं आणि म्हणाले, "कोणाले उगाच हो म्हनू नको. म्हनलं, तं मंग करजो." एवढाच उपदेश. नागपूर चाळीस-पन्नास किलोमीटर असेल, पण त्या दिवशी मला ते परदेशासारखं लांब वाटलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. रामटेकच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की तिकडे राहिलेली मंडळी अजूनही दोन बाजूंनी भांडायला उठतील. लहानशी नगरपालिका होती. नाल्यापलीकडची आमची वस्ती तिने करापुरती आत घेतली होती आणि पुलापुरती बाहेर ठेवली होती. आमची धानाची थोडी शेती वस्तीला लागूनच होती.

नागपुरात पहिली दोन वर्षं गांधीबागेत काढली, एका कापडाच्या गोदामावरच्या खोलीत. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास अंथरुणाला, डब्याला, सगळ्याला लागायचा. सकाळी कंपनीची बस धरून हिंगण्याला जायचं. माझं काम तयार माल तपासण्याचं. लोखंडी गेजमध्ये पार्ट बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. सुपरवायझर हिंदी बोलायचा, शेजारच्या मशीनवरचा छत्तीसगढी, मी दोन्हींत आमची 'मले-तुले' मिसळून द्यायचो आणि काम चालून जायचं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना ही खिचडी सांगायला नको.

शिफ्ट सुटल्यावर वेळच वेळ असे. निवडणूक आली की मी कस्तुरचंद पार्कवर सगळ्यांच्या सभा ऐकायला जायचो. पक्ष बघून नव्हे, वारा सुटलेला असायचा आणि बसायला पैसे पडत नव्हते म्हणून. ज्याला ऐकावं तो बरोबर वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला ऐकलं की पहिला खोटा वाटायचा. पाच वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या झेंड्याखाली तेच बोलायचा. कोणीच माझ्या गेजमध्ये बसेना. बसमध्ये पोरं विचारायची, कोणाला देतोस? मी म्हणायचो, अजून ठरलं नाही. हे माझं कायमचं उत्तर झालं. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

मत मात्र माझं गावच्या यादीतच राहिलं होतं. सत्तरच्या पुढची गोष्ट. तोवर आमच्याकडे मेंबर मिळून अध्यक्ष निवडत. या खेपेला अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. आमच्या मार्गावरच्या कंडक्टरजवळ बाबांनी निरोप धाडला, "मतदानाले येजो. काम हाय." बाबांनी कामासाठी बोलावलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी सुटी टाकली.

घरी देवापुढे पळसाच्या पानांचे तीन द्रोण मांडलेले होते आणि तिन्हींत हळदीच्या अक्षता होत्या. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं अक्षता देऊन करतात आणि ज्याने अक्षता घेतल्या त्याने लग्नाला जायचंच, असा रिवाज. अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला ही युक्ती सुचली, त्याने घरोघर अक्षता वाटून मतदानाचं बोलावणं केलं. ते पाहून उरलेल्या दोघांनीही केलं. वस्तीतल्या लोकांनी तिन्ही मुठी घेतल्या आणि कोंबड्यांना टाकल्या. बाबांनी मात्र तिन्ही वेगवेगळ्या ठेवल्या. एकाचा शब्द दुसऱ्यात मिसळायला नको म्हणून.

"तिघायचं बोलावनं घेतलं काहून, बाबा?" मी विचारलं.

"दारात आलेल्या मानसाले नाही कसं म्हनायचं गा?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. आला त्या क्रमाने. पहिला आला तो कंदील निशाणीवाला, त्याला बाबांचं मत. दुसरा शिडीवाला, त्याला आईचं. तिसरा छत्रीवाला, त्याच्यासाठी मला नागपूरहून बोलावलं होतं. छत्रीवाला म्हणजे कोनशिलेवर नारळ फोडणारा तोच मेंबर.

"मंग त्याले काहून द्यायचं? पूल कुठी हाय?"

"त्याले मी काई देऊन नाही राहिलो. त्याच्या अक्षता घेतल्या, तो शब्द पाळून राहिलो."

"त्यानं त्याचा पाळला काय?"

"त्याचं त्यानं पाहावं. त्यानं मोडला म्हनून मी काहून मोडू?"

यावर मी नागपूरचं शहाणपण काढलं. मला तिघेही पटत नाहीत, मी अजून ठरवलेलं नाही, आणि मत ज्याचं त्याचं असतं, असं बरंच काही.

"तुले ठरोता नाही येत ना?" ते म्हणाले. "मंग तुयं मत रिकामंच हाय. मले दे."

मला राग आला. एवढ्या सभा ऐकल्या, एवढा विचार केला, आणि माझं मत म्हणजे ओसरीतली रिकामी बाज झाली, पाहुणा आला की टाकून द्यायची. मी जेवायला बसलो तो घुश्शातच. आई वाढत होती. भाताचा डाव ताटावर धरून ती हळूच म्हणाली, "त्यायनं आजवर तुले काही मांगितलं काय?"

नव्हतं मागितलं. माझ्या पगारातलाही पैसा कधी मागितला नव्हता. तरी मी हो म्हटलं नाही. हो म्हटलं की करावं लागतं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मतदान. बोटाला शाई लावली, हातात रबरी शिक्का दिला. पडद्याआड मी उभा राहिलो. कंदील, शिडी, छत्री. कंदीलवाल्याची भाताची गिरणी होती, त्याला नगरपालिकेची जागा हवी होती. शिडीवाला सज्जन होता आणि त्याचे दोन्ही साडू ठेकेदार होते. छत्रीवाल्याची कोनशिला मी रोज पाहत मोठा झालो होतो. कोरी चिठ्ठी टाकावी असंही मनात आलं. बाहेर कोणीतरी खाकरलं. मला बाबा दिसले, डोक्यावर पेटी घेऊन पाण्यातून पुढे चाललेले. मी छत्रीवर शिक्का मारला.

निवड माझी नव्हती, त्यामुळे नंतर पस्तावायचंही काही कारण नव्हतं.

बाहेर बाबा कडुनिंबाखाली बसले होते. त्यांनी मला विचारलं नाही. घरी आल्यावर तिन्ही द्रोण उचलले, नाल्यावर गेले आणि एकेक करून पाण्यात सोडले. मग पाय धुऊन परत आले आणि गुरांना चारा टाकायला गेले. मला सोडायला आई नाल्यापर्यंत आली. मी तिला म्हटलं, तू शिडीला दिलंस ना? ती म्हणाली, "ते सांगत नसतात गा," आणि बराच वेळ हसत होती. बाबांनी तिलाही कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी तिन्ही शब्द पुरे झाले होते.

शिडीवाला निवडून आला. त्याने पूल बांधला नाही. पूल झाला तो पुढे नगरपालिकेवर सरकारने प्रशासक नेमला तेव्हा. त्याने कोणाला काही कबूल केलं नव्हतं. नारळही फुटला नाही, नुसता गिट्टीचा ट्रक आला. बाबा त्या पुलावरून एकदाच गेले, चौघांच्या खांद्यावर. मी पुढे होतो आणि पायात बूट नव्हते. पुढल्या उन्हाळ्यात आईही गेली. शेत आता चुलतभाऊ करतो.

मी हिंगण्याच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, मत इकडे आणलं. तेव्हापासून दर निवडणुकीत माझ्या मनाने, विचार करून देतो, आणि निकाल कसाही लागला तरी सहा महिन्यांत पस्तावतो. पस्तावा झाला नाही असं एकच मत आठवतं आणि ते माझं नव्हतं. गावी राहिलेल्यांना हे वाचून हसू येईल. येऊ द्या.

या खेपेला आमच्या कॉलनीतही अक्षता आल्या. उमेदवार तीन, मोटारसायकलवर पोरं, प्लास्टिकच्या पुड्या. मी ड्यूटीवर होतो. बायकोने तिन्ही घेतल्या. मी विचारलं, काहून घेतल्या वं? ती म्हणाली, "दारात आलेल्याले नाही कसं म्हनू?" ती भंडाऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते, त्यांचं बोलणं तिने फारसं ऐकलेलं नाही.

द्रोण मिळाले नाहीत, म्हणून मी देवापुढे तीन वाट्या मांडल्या आणि तिन्ही पुड्या वेगवेगळ्या ओतल्या. मग बसून हिशेब केला. एक तिची, एक माझी. पोरं अजून लहान आहेत. गाव मी नाल्यापाशी सोडलं असं इतकी वर्षं समजत होतो. पण घर तेव्हा सुटलं नव्हतं. दिलेला शब्द वाटून घ्यायला जिथे माणसं पुरतात, ते घर. मला नुसता निरोप आला आणि मी गेलो होतो.

उद्या मतदान आहे. दोन वाट्यांचं ठरलं. तिसरी तशीच ठेवली आहे. तिच्यासाठी कोणाला बोलवावं, ते समजत नाही.