चावी मशीनलाच राहू द्या

सात रस्त्याजवळ अक्कांचं दुकान होतं. अर्ज भरणं, टायपिंग, प्रिंट अशी कामं तिथं चालायची. शिवणकारखाना बंद पडल्यावर मी त्यांच्याकडे गेले. घर गोंदियाकडे, शाळा आठवीत सुटलेली, सोलापुरात ओळखीचं कुणी नाही. अक्कांनी फार काही विचारलं नाही. शहराबाहेर कुंभारीत आपल्या भावाच्या घरामागची खोली दिली आणि संगणकासमोर बसवलं. आजही त्यांचा विषय निघाला की मी आपोआप सावरून बसते.

संगणक जुना, आतली डिस्क कधीच गेलेली. अक्कांच्या भाच्यानं पुण्याला नोकरीवर जायच्या आधी पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं हलकं लिनक्स घालून दिलं होतं. ते पटकन सुरू व्हायचं, पण अगदी उघडंबोडकं. मराठी फॉन्ट नाही, प्रिंटर ओळखत नाही. त्यासाठीची एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मी रोज सकाळी मोबाइलच्या इंटरनेटवरून उतरवायची आणि बसवायची. दिवसभर मशीन शहाण्यासारखं चालायचं. बंद केलं की सगळं विसरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

ही पोरगी आहे म्हणून दुकान उघडतंय, असं अक्का गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायच्या. मला बरं वाटायचं आणि अडकल्यासारखंही. अंगात ताप असताना मी कुंभारीहून येऊन मशीन उभं केलंय आणि मग मागच्या बाकावर पडून राहिलेय. सुट्टी मागायची म्हणजे दुकान बंद ठेवा म्हणण्यासारखंच. ज्यांनी आसरा दिला त्यांना असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेवढ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर पंधरा दिवस थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू येतेस का नाही, तेवढं सांग. नाहीतर बाजूवालीला सांगून ठेवते."

मी भाच्याला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, मशीन चालू असताना पेन ड्राइव्ह कुठं असतो? म्हटलं, अक्कांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. तो कितीतरी वेळ हसत राहिला.

त्याचं असं होतं. मशीन सुरू झालं की अक्का पेन ड्राइव्ह काढून घ्यायच्या. त्यांच्या लेखी ती चावीच. दुकानाच्या किल्ल्या संध्याकाळी घरी देवापुढे ठेवायच्या, सकाळी विभूती लावून उचलायच्या, त्याच जुडग्यात हीसुद्धा. काढली तरी मशीन चालत राहायचं, कारण सगळं मेमरीत चढलेलं असायचं. त्यामुळे काही चुकतंय असं त्यांनाही वाटलं नाही आणि मलाही.

भाचा म्हणाला, तुम्ही फडताळच घरी घेऊन जाता, मग सामान ठेवणार कुठं? पेन ड्राइव्ह लावलेलाच ठेव, त्यावर एक्स्टेन्शन्ससाठी एक फोल्डर कर, आणि बसवताना 'सुरू होताना आपोआप चढव' असा पर्याय असतो तो निवड. फोल्डरचं नाव त्यानं एकेक अक्षर करून सांगितलं.

इतकं सोपं होतं. आणि तिथंच माझा हात थांबला. मशीनला सगळं लक्षात राहायला लागलं तर आठवी शिकलेल्या बाईची इथं गरज काय? काही दिवस मी गुपचूप जुन्याच पद्धतीनं बसवत राहिले. आईचा फोन आला की बाहेर गाड्यांच्या आवाजात जाऊन बोलायचे, म्हणजे नीट ऐकू येत नाही असं सांगून उत्तर टाळता यायचं.

ऑपरेशनचा दिवस अगदी जवळ आला तेव्हा अक्कांना म्हटलं, चावी मशीनलाच राहू द्या.

"कुलपाला चावी ठेवून कोण जातंय का गं?"

"मागच्या बाजूला लावते अक्का. दिसायची नाही कुणाला."

अक्का हळूच म्हणाल्या, "म्हंजे देवापुढं न्हाय ठेवायची?"

त्यांनी जुडग्यातून ती सोडवली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. मी फोल्डर केलं, एकेक एक्स्टेन्शन त्यात बसवलं आणि संध्याकाळी मशीन बंद केलं.

सकाळी बटण दाबलं. फॉन्ट आला. प्रिंटरनं कागद ओढला. चहा यायच्या आत सगळं झालं आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. अक्कांनी छापलेला कागद उजेडात धरून वाचला.

"व्हय की. आता मलाबी येतंय म्हण."

त्या लई खूश होत्या. मीही हसले. त्याच हसण्यात सुट्टी मागून टाकली. "जा की, आईचं बघ," म्हणाल्या आणि वाटेला शेंगाचटणी बांधून दिली. परत कधी येतेस, हे मात्र विचारलं नाही. आणि परत येऊ ना, हे मला विचारवलं नाही.

घरी पोचल्यावर दुकान उघडायची वेळ झाली की फोन जवळ घेऊन बसायचे. मशीन अडलं तर त्या फोन करणारच. पहिल्या दिवशी वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीच सगळं नीट बसवलं होतं, तो वाजणार कसा?

आईच्या डोळ्यात थेंब घातला. डोळा मिटून ती म्हणाली, "कोणाच्या फोनची वाट पाहून राहिली?"

"कोणाच्या नाही," म्हटलं, आणि फोनचा आवाज आणखी वाढवून ठेवला.