टाचेवरचा डाग

माझे वडील तापीकाठी केळी पिकवायचे. केळीच्या चिकाने त्यांचे हातपाय कायम डागाळलेले असत, त्यामुळे डाव्या टाचेवरचा काळा डाग घरात कुणालाच वेगळा वाटला नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी शाळेत जात होते. इच्छापुरहून माहेरी आलेली माझी आत्या एका दुपारी काशाच्या वाटीने त्यांचे तळवे घासत होती. तळवा पुसल्यावर ती थबकली.

"भाऊ, हा चिकाचा डाग नाही. कडेने कसा वेडावाकडा पसरलाय बघ. मागच्या खेपेला एवढा नव्हता."

"जाऊ दे ना, दुखत थोडाच आहे?" वडील हसले.

पण ती हटून बसली. त्यांना इंदूरला नेल्याशिवाय सासरी परतलीच नाही. मीही सोबत गेले होते.

तिथले डॉक्टर म्हणाले, "हा कातडीचा कॅन्सर आहे, मेलानोमा. याची एक जात गाठीसारखी उगवते आणि झपाट्याने खोल जाते. तुमची जात तळव्यावरची. ही आधी बराच काळ कातडीतच आडवी पसरते, मग खाली उतरते. तुम्ही वेळेत आलात."

त्यांनी टाचेचा तो भाग कापून काढला आणि तिथे मांडीची कातडी लावली.

पुढे माझ्या लग्नात वडील थोडे लंगडत मांडवभर फिरले. आहेर सुरू झाले तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिली साडी माझ्या बहिणीला. मी इथे उभा आहे तो तिच्यामुळे."

आत्या पदराने डोळे पुसू लागली. मी वाकून तिच्या पाया पडले.