निकालानंतरचा रविवार

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी आमच्या कोथरूडच्या घरात कोणी जेवलं नाही. नातीला अठ्ठावन्न टक्के मिळाले होते. सून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली. मुलगा, "क्लास लावला, टेस्ट सिरीज लावली, आणखी काय करायचं होतं आपण?" असं भिंतीला विचारत होता. नात खोलीचं दार लावून आत. शेवटी मीच उठून खिचडी टाकली.

"पास झालीय रे ती," मी म्हटलं.

"आई, हल्ली ह्याला पास होणं म्हणत नाहीत."

उभा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला. त्यात ही सुधारणा माझ्या कानावर यायची राहून गेली असावी.

दोन दिवसांनी पाळकसाहेबांचा फोन आला. राहायला कोथरूडला आलो तरी आमचं चर्च अजून खडकीचंच, माझ्या लहानपणचं. तिथं निकालानंतरच्या रविवारी मुलांना पुढं बोलावण्याची रीत फार जुनी. "मॅडम, यंदा गुणगौरव आपल्या हस्ते करायचा आहे," ते म्हणाले.

"कोणत्या मुलांचा?"

"ऐंशीच्या पुढच्या. सगळ्यांना वेळ पुरत नाही ना हो."

वेळ न पुरणारे साहेब उपदेश मात्र पाऊण तास करतात. तरी मी हो म्हटलं, कारण माइक हातात आला की काय करायचं ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

फोन स्पीकरवर होता आणि नात दारात उभी राहून ऐकत होती. "मी रविवारी येणार नाही," ती म्हणाली. शब्बाथ शाळेत, म्हणजे आमच्या रविवारच्या शाळेत, ती सगळ्यात लहान मुलांना हातवारे करत गाणी शिकवते. "आणि तुझी पिल्लं?" मी विचारलं.

"तीच विचारतील, ताई, तू का नाही पुढं गेलीस? काय सांगू?"

शाळा सुटलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. मूल एकदम सुटत नाही. एक दिवस लाजेनं घरी राहतं, मग त्या घरी राहण्याची लाज वाटते, मग ते येतच नाही. ही पोर पुन्हा चर्चच्या बाकावर बसेल की नाही, एवढीच भीती मला त्या आठवड्यात होती. कॉलेजच्या प्रवेशाची काळजी करायला घरात दोघं समर्थ होते.

माझा थोरला भाऊ मॅट्रिकला नापास झाला तेव्हा आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील तिथंच फिटर. पेपरात छापलेल्या निकालात भावाचा नंबर नव्हता. रविवारी सकाळी तो अंथरुणातून उठेना. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "नापास झालायस, मेला नाहीस. चल."

तेव्हाच्या पाळकसाहेबांनी "परीक्षेला बसलेली सगळी मुलं" एवढंच म्हटलं. पास, नापास, पहिलीतली शेंबडी पोरं, सगळी वेदीपुढं रांगेत उभी राहिली. साहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत पुढं सरकत होते. मी भावाच्या शेजारीच होते. त्याच्या डोक्यावर हात आला तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. हात माझ्या डोक्यावर जेवढा वेळ होता, तेवढाच त्याच्या. मी वर्गात पहिली आलेली, मला त्या बरोबरीचा जरा रागच आला होता. घरी येऊन भाऊ पोटभर जेवला. पुढच्या खेपेला पास झाला, कारखान्यात लागला, आणि मरेपर्यंत एक रविवार त्यानं चुकवला नाही.

आमच्या काळी सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. शाळेत छडी होती आणि ती नापासांच्याच वाट्याला यायची. माझी आई मिशनच्या बोर्डिंगात वाढली. पाठांतर चुकलं की मुलींना जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभं करत, उवांपायी केस कापून टाकत, असं ती हसत हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही. पण तिच्या सगळ्या घराण्यात अक्षर ओळखणारी ती पहिली. तिची शाळा आणि चर्च एकाच खोलीत भरत. आठवडाभर जिथं पाढे, तिथंच रविवारी गीतं. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांच्यासाठी चर्चनं ती खोली उघडली होती. माझ्या वेळेपर्यंत एका आवारात दोन इमारती झाल्या. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं ती शाळा आवाराबाहेरची. नातीच्या क्लासची टेस्ट तर रविवारी सकाळीच असायची, वर्षभर ती उपासनेला धापा टाकत अर्ध्यातून यायची. आणि आता उंबऱ्याबाहेर कोणाला ठेवायचं हे आमचं चर्चच टक्क्यांवरून ठरवणार होतं. ह्याचा मला संताप येत होता, आणि अजून येतो.

रविवारी नात आली नाही. मुलगा आणि सूनही आले नाहीत, "बरं वाटत नाही" म्हणाले, तेही दोघांना एकदम. मी रिक्षा करून एकटी गेले. पहिल्याच गीताला काहीतरी उणं वाटलं. तबला वाजत नव्हता. तबल्याच्या जोडीवर कापड तसंच पडलेलं होतं.

उपदेश संपला, नावं वाचली गेली. मुलं एकेक करून पुढं आली. गुणी पोरं, त्यांच्यावर माझा राग नाही. मी त्यांच्या हातात चषक दिले, फोटो झाले, टाळ्या झाल्या. मग मी पाळकसाहेबांच्या हातातून माइक घेतला.

"आता ज्यांना कमी गुण मिळाले, जे नापास झाले, त्या मुलांनीही पुढं यावं," मी म्हटलं. "आपण सगळ्यांसाठी प्रार्थना करू."

कोणी उठलं नाही. मला वाटलं, लाजताहेत. वर्गात थांबायची सवय आहे, तशी थांबले. डोक्यावर पंखे फिरत होते. मोठी माणसं गीतांच्या पुस्तकात पाहू लागली. मग मी बाकांवरून नजर फिरवली, शाळेत हजेरी घेताना फिरवतात तशी, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांतलं एकही मूल तिथं नव्हतं. तबला वाजवणारा मुलगा दहावीलाच होता. दारात सगळ्यांना आमच्यातला नेहमीचा सलाम करून गीतांची पुस्तकं वाटणारी ती उंच मुलगीही नव्हती. बोलावणं कोणाला आहे हे त्यांना आधीच कळलं होतं, आणि पोरं शहाणी निघाली.

"मॅडमची भावना मोठी आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले, आणि त्यांनी शेवटचं गीत सांगितलं.

घरी आले तेव्हा नात पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "झाला का कार्यक्रम?" तिनं विचारलं.

"झाला. मी तुला हाक मारली गं. सगळ्यांसमोर."

"कुठं?"

"चर्चमध्ये."

"पण आजी, मी तर इथं होते."

ती रागानं बोलली नव्हती. पायातल्या चपलाही न काढता मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हीच पोर चार वर्षांची असताना प्रार्थनेत डोळे इतके घट्ट मिटायची की नाकाला सुरकुत्या पडायच्या. मी प्रार्थना सुरू केली. शब्द नीट येईनात. मध्येच मी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिनं माझा हात दूर केला नव्हता, पण डोळे मिटले नव्हते.