लॅबला पाठवलेलं ताजं भरीत

अक्कानं फोन केला तेव्हा ती रडत होती, आणि अक्का रडते हेच मला नवीन. ती माझी थोरली चुलत बहीण, अमळनेरजवळच्या खेड्यात दिलेली. तिथं हिवाळ्यात भरीत करायचं तर हात अक्काचाच. तिच्या धाकट्या जावेच्या मुलीचा साखरपुडा झाला, शिरपूरचे पाव्हणे पोटभर जेवले आणि परतीच्या वाटेवर गाडी थांबवून थांबवून ओकले. जाऊबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, अक्काचं भरीत बाधलं. आता हळदीला तिला चुलीशी उभं करायचं की नाही, यावर घरात खल चालला होता.

मी धुळ्याला अन्न तपासायच्या लॅबमध्ये काम करते. म्हटलं, रडू नकोस, उरलेलं असेल ते डब्यात घालून पाठव.

डबा एसटीनं आला. थोडं भरीत निर्जंतुक पाण्यात कालवलं, त्याचे थेंब थाळ्यांवर पसरले, थाळ्या उबेच्या पेटीत ठेवल्या. एकटा जंतू डोळ्याला दिसत नाही. त्याला आवडीचं खायला घातलं की तो गोतावळा वाढवतो आणि ठिपका होऊन दिसतो. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी ती पेटी उघडताना मला अजून लहान पोरीसारखी घाई होते. त्या दिवशी थाळ्या कोऱ्या. बाधलेलं भरीत राहू द्या, साधं घरचं अन्नही इतकं सोवळं नसतं!

"अक्का, हे भरीत कधीचं?"

"ताजं करीसन धाडं. लॅबमा शिळं कसं धाडू? सारा शिकेल लोके, काय म्हनतीन?"

मी कपाळाला हात लावला, आणि मग हसू आवरेना.

खरं उरलेलं जाऊबाईंच्या फ्रीजमध्ये होतं. कोणी विचारलं तर दाखवायला म्हणून त्यांनी वाटीभर झाकून ठेवलेलं. रविवारी मीच गेले. त्यांनी हौसेनं वाटी दिली. त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी विळी लागली, जखम चिघळली, तरी वांगी सोलायला बसले, असं त्याच सांगत होत्या.

या वेळी अंड्याचा बलक घातलेल्या थाळीवर काळेभोर, चकचकीत ठिपके उठले, प्रत्येकाभोवती स्वच्छ कडं. मला संशय होता तोच, पण नुसत्या रूपावरून नाव घ्यायचं नसतं. एक ठिपका सशाच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यात कालवून ठेवला. संध्याकाळपर्यंत नळीतलं पाणी विरजण लागल्यासारखं घट्ट झालं. ओळख पटली. हा जंतू माणसाच्या कातडीवर, नाकात, पिकलेल्या जखमेत राहतो. अन्नात वाढला की विष सोडतो, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

अक्का धुळ्याला आली. बंद थाळी उजेडात धरून बघत राहिली. "माय वं! दिसाले कितलं देखणं शे हाई!"

"वांगी सोलणाऱ्या कुणाच्या तरी हातचं असणार," मी म्हटलं. "सगळ्यांचे हात तपासते. जाऊबाईंचा अंगठा आधी. तुझ्यावरचा आळ जाईल." खरं सांगते, आळ जाण्यापेक्षाही मला तो अंगठा हवा होता. इतक्या जवळ आलेलं उत्तर कोण सोडतं?

अक्कानं थाळी खाली ठेवली. "अंगठा नको. पोरनं लगीन शे. सासरना म्हनतीन, मायनीच इख घालं."

"आणि तुझं नाव गेलं त्याचं काय?"

तिनं थाळी माझ्याकडे सरकवली. असा राग आला मला तिचा!

तिच्यापुढे माझं काही चालेना. गावात एवढंच सांगितलं, की सोलताना कुणाच्या तरी हातचा जंतू लागला आणि पाव्हण्यांची वाट बघत भरीत फार वेळ तसंच राहिलं. ऐकता ऐकता जाऊबाईंनी अंगठा पदराखाली घेतला.

हळदीच्या आदल्या दिवशी त्या अक्काच्या ओट्यावर आल्या. मी तिथंच बसले होते. खाली बघत म्हणाल्या, "अक्का, भरीत तुम्हीच करा."

अक्कानं त्यांचा हात ओढून घेतला, चिंधी सोडून जखम बघितली आणि पुन्हा नीट बांधली.

"करसू," ती म्हणाली. "पन तू वांगा सोलाले नको बठू. पोरगीजोडे बठ. आते दोनच दिन ती आपली शे."