बंपरच्या मागची शिवण

गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणतात. भिंती रंगवणारा समजून कुणी अनोळखी माणूस दारात आला की त्याची बायको आतूनच सांगते, "घरं नाही, गाड्या. त्याही अख्ख्या नाही." ते खरं आहे. जुन्या गाड्यांचा पत्रा रंगवणारे पुष्कळ आहेत. पेंटर बाहेरचं प्लॅस्टिक तेवढं करतो: बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं. उन्हानं राखेसारखं पांढुरकं पडलेलं प्लॅस्टिक त्याच्या हातून असं परत येतं, की त्याला कधी कुणी हात लावला असेल असं वाटू नये. या कामात शाबासकी नसते, असं तो म्हणतो. काम दिसलं, तर ते बिघडलेलं असतं.

थोरल्या भावानं वडिलांची गाडी त्याच्या शेडमध्ये आणून उभी केली, तेव्हा दोघांत जेमतेम बोलणं उरलं होतं. वडिलांच्या मागे गाडी थोरल्याकडे गेली होती. ती धाकट्याला द्यायचं वडिलांनी कबूल केलं होतं, असं पेंटरची बायको सांगते. पेंटर स्वतः तसं म्हणत नाही, आणि विचारावं असं तिसरं कुणी हयात नाही.

"विकायचीय. एक बाई गाडी बघायला यायच्यात," दादा म्हणाला. "काळं करून दे म्हणजे झालं."

पेंटरनं पट्टीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. "केलेलंच आहे की. काय फासलंस?"

"बाजारात मिळतं ते. चकाकत होतं चांगलं."

"वांगंही चकाकतं, दादा." त्यानं पट्टी उचकटून तिच्या खाचेतला, ऊन न लागलेला भाग दाखवला. तो काळा नव्हता, गडद करडा होता. "ही अशी होती."

मग त्यानं बंपरच्या डाव्या कोपऱ्यामागे हात घातला. तिथे एक जाड, वेडीवाकडी शिवण होती. गाडी शिकताना दादानं ती गेटवर घातली होती. वडिलांनी तापवलेल्या सळईनं प्लॅस्टिक वितळवून, आत तारेची जाळी दाबून कोपरा जोडला होता. पुढून एक बारीक रेघ दिसत असे.

"ही रेघ बुजव," दादा म्हणाला.

"पुढून बुजवतो. मागे हात लावणार नाही. आणि त्या बाईंना सांगायचं, की हे बाबांनी जोडलंय. मला दुसरं काही नको."

"सांगेन की."

"आणि गेटवर कुणी घातली होती, तेही."

"तुला ना, उकरत बसायची हौसच आहे." दादा हसला. "बाबांचं सांगेन. शब्द दिला."

पेंटरनं आधी ते फासलेलं सगळं उतरवलं. पाणी शिंपडल्यावर त्याचे थेंब न होता ते सपाट पसरेपर्यंत तो पुन्हापुन्हा धूत राहिला. थेंब उभा राहिला तर चिकटपणा शिल्लक असतो आणि वर मारलेला रंग पुढे साल निघावी तसा निघतो. रेघेत लांबीचा लगदा भरून ओल्या पॉलिश पेपरनं त्यानं इतक्या हलक्या हातानं घासलं, की प्लॅस्टिकचा मूळ खरखरीत दाणा मरू नये. लांबीवर दाणा नसतो. तिथे त्यानं दुरून, कमी दाबानं रंगाचे कोरडे तुषार उडवून तो नव्याने उठवला. मग करड्याचे पातळ हात दिले. कोपरा कुठे फुटला होता, हे शेवटी त्याला स्वतःलाही बोटानं सांगता येईना.

बाई आल्या. गाडीभोवती शांतपणे फिरल्या आणि डाव्या कोपऱ्याशी वाकून त्यांनी बंपरच्या मागे हात घातला.

"इथे जोड लागतोय हाताला."

पेंटरनं दादाकडे पाहिलं.

"ते ना, आमच्या या पेंटरचं जुनं काम," दादा म्हणाला. "तेव्हा असंच ओबडधोबड करायचा. आता कुठे हात बसलाय."

बाई पेंटरकडे वळल्या. "तुम्ही केलंत?"

नाही म्हणावं, तर ते 'ओबडधोबड' वडिलांच्या नावावर जमा होणार होतं.

"हो," तो म्हणाला. "शिकाऊ होतो."

"असू दे. पुढची बाजू मात्र मूळचीच राहिलीय, ते बरं झालं. नाहीतर लोक रंग फासून वाट लावतात."

दादानं मान डोलावली. पेंटर हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला.

व्यवहार ठरला. बाई गाडी घेऊन गेल्यावर दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळून घेतलंस."

"गेटवरही मीच घातली होती का, दादा?"

"कोणतं गेट?"

तो मुद्दाम वेड पांघरत होता, असं पेंटरची बायको म्हणते. पेंटरचं मत वेगळं आहे. दादाला खरोखरच आठवत नव्हतं, असं तो सांगतो. खोटं बोलला असता, तर निदान भांडता आलं असतं.