कोणता पाडा

चैत्रातल्या उतरत्या उन्हात वाडीला पिकल्या चिकूंचा जड, गोड वास सुटला होता, आणि टोपलीत फळं निवडता निवडता सुकरीने लेकीच्या लग्नाला पाड्यावर यायचं आमंत्रण दिलं. ती गंजाडकडच्या आदिवासी पाड्यावरून आमच्या डहाणूच्या वाडीत कामाला येते, मी या घरात सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून. अशा आमंत्रणाला आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं: साडी-नारळ कोणाच्या तरी हाती पाठवायचा. पण माझी सून तनिमा कोलकात्याची. तिने सहज विचारलं, "आई, आपला पाडा कोणता?"

"आपला कुठला? पाडा त्यांचा असतो," मी पटकन बोलून गेले. सुकरी तिथेच होती.

तनिमाच्या बंगालीत पाडा म्हणजे आपली आळी, जिची दुर्गापूजा, जिची भांडणं, जिचा परदेशात भेटलेला मुलगाही आपलाच. तलासरीची हद्द ओलांडून गुजरातीत शिरलं, तर जुन्या शहरांतल्या व्यापाऱ्यांच्या गल्ल्या 'पाडो' म्हणून मिरवतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र तोच शब्द कुडाच्या भिंती लेऊन डोंगराकडे सरकला, आणि 'पाड्यावरची' म्हणताना आमचा स्वर नकळत उतरतो. संस्कृत कोशात पाहिलं, तर 'पाटक' म्हणजे गावाचा एक भाग, आणि मुळाशी धातू फाडण्याचा. फाडलं कोणी, ते कोश सांगत नाही.

तनिमा हौसेने लग्नाला निघाली म्हणून मीही गेले. मोहाच्या फुलांचा आंबूस दरवळ हवेत होता, मांडवात लग्न लावणारी धवलेरी गात होती, आणि माझ्या पर्समध्ये घरच्या पाण्याची बाटली होती. सुकरी माझ्यापुढे पान मांडू लागली तशी मी म्हणाले, "आज गुरुवार, मला उपास आहे गं." सकाळी तनिमाबरोबर मी पोहे खाल्ले होते. तनिमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून ती जेवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुकरीने भावाला मोटारसायकलवरून कासाच्या बाजारात केळी आणायला पिटाळलं. "ताई, तुमी आल्यात, बरा वाटला. उपाशी कशा जाल?" पाहुणी उपाशी असताना आपण कसं जेवायचं, म्हणून तीही जेवली नाही. नवरीपाशी बायका तिला हाका मारत होत्या. ती माझ्याजवळून हलेना. लेकीच्या लग्नातला तिचा तेवढा वेळ माझ्या खोटेपणाने खाल्ला. केळी आली, मी ती कशीबशी गिळली, तेव्हा कुठे ती उठली.

पुढच्या गुरुवारी ती पदरात रताळी बांधून वाडीत आली. "तुमच्या उपासाला." तेव्हापासून दर गुरुवारी ती काही ना काही आणते, आणि दर गुरुवारी मी खरोखरच उपास करते. का, ते देवाला ठाऊक आहे, तनिमाला ठाऊक आहे. सुकरीला ठाऊक नाही, असं मी धरून चालते.